अप्पासाहेबांची माती आणि घरातला डायपर

रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ च्या अखेरीस एका राजबंद्याने जरा चमत्कारिक मागणी केली. बरे जेवण, वाचायला वर्तमानपत्र, घरच्यांना भेटण्याची परवानगी, असले काही त्याला नको होते. त्याला तुरुंगातले संडास साफ करण्याचे काम हवे होते. त्या काळच्या तुरुंगात हे काम जात पाहून दिले जाई. बाहेर ज्यांच्या वाट्याला मैला उपसणे आले होते, त्यांच्याच वाट्याला ते आतही येई. ब्राह्मण घरात जन्मलेल्या कैद्याने ते मागून घेतले तरी नियम आडवा येई. अधिकाऱ्यांनी नकार दिला. कैद्याने निषेध म्हणून आपले खाणे कमी करत आणले.

ही हकीकत येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या कानावर गेली. सप्टेंबरातले त्यांचे गाजलेले उपोषण संपून जेमतेम दोन महिने झाले होते, वय ६३ होते आणि अंगात पुरती ताकद आलेली नव्हती. तरीही ३ डिसेंबरला त्यांनी या कैद्याच्या मागणीसाठी पुन्हा अन्न सोडले. सरकारची धावपळ झाली, प्रश्न वरपर्यंत गेला, नियमाचा विचार करण्याचे आश्वासन मिळाले आणि दुसऱ्या दिवशी उपोषण थांबले. पुढे ती अट सैलही झाली. संडास साफ करण्याचा हक्क मागणाऱ्या या माणसाचे नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. कोकण त्यांना अप्पासाहेब पटवर्धन म्हणून ओळखते, आणि जुनी माणसे कोकणचे गांधी म्हणून.

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगरगुळे गावचा. एम. ए. पर्यंत शिकलेला हा तरुण सुखाची नोकरी धरून बसला असता तर कोणी नाव ठेवले नसते. तो गांधीजींच्या आश्रमात गेला आणि नंतर कोकणात परतून खादी, शिक्षण, अस्पृश्यतानिवारण या कामांत बुडाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कोकणातले मोठे केंद्र शिरोड्याला होते, तिथेही अप्पासाहेब पुढे होते. मराठी घरांतून आजही दिसणारे गांधीजींच्या आत्मकथेचे भाषांतर त्यांचेच आहे. पुष्कळांच्या कपाटात ते पुस्तक असते, भाषांतरकाराचे नाव मात्र फारसे कोणी वाचत नाही. त्या पुस्तकात १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमधला प्रसंग आहे. अधिवेशनाला जमलेल्या प्रतिनिधींनी केलेली घाण पाहून गांधीजींनी स्वतः झाडू हातात घेतला होता. भाषांतर करणाऱ्याला ते पान नुसते वाचून पुढे जाता येत नाही, प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा सत्याग्रह झाला. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळ्याचे शुद्धीकरण केले. घागरी भरून पाणी काढायचे, त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र कालवायचे आणि ते पुन्हा तळ्यात ओतायचे, असा तो विधी होता. आरोग्याच्या नजरेने पाहिले तर माणसाने ओंजळभर पाणी प्यायल्याने तळे बिघडत नाही. शेण कालवून पाणी परत ओतले तर ते नक्कीच बिघडते. घाण कशाला म्हणायचे हे त्या काळी जंतूंवर ठरत नव्हते, ते जातीवर ठरत होते. त्याच कोकणात, त्याच वर्षांत अप्पासाहेब काम करत होते. मैला ही वस्तू जातीच्या गोष्टीतून काढून विज्ञानाच्या आणि शेतीच्या गोष्टीत आणणे, हे त्यांच्या उरलेल्या आयुष्याचे काम झाले.

केवळ संडास झाडून भागणार नाही हे त्यांना लवकर कळले. एका ब्राह्मणाने झाडू हातात घेतला की लोक नमस्कार करतात आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या माणसाला पुन्हा हाक मारतात. कामच असे बदलायला हवे की ते कोणालाही करता यावे, त्यात किळस राहू नये, वास राहू नये, आणि शेवटी हाताला काही उपयोगाचे लागावे. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला. तिथे मेलेल्या जनावरांची कातडी सोडवून कमावण्याचे चर्मालय चालले आणि संडासाचे प्रयोग चालले. ज्या दोन कामांना समाज नाक मुरडत होता, तीच दोन त्यांनी अंगणात आणून ठेवली.

महाड-पोलादपूरहून कशेडी घाट उतरून मुंबई-गोवा रस्त्याने थेट खाली गेले की कणकवली लागते. हवा तीच, तांबडी माती तीच, जांभ्याच्या चिऱ्याची घरे तीच आणि चार महिने कोसळणारा पाऊसही तोच. कोकणातल्या पावसात काय टिकते आणि काय सडते, हे गोपुरीत रोज समोर दिसत होते. म्हणून तिथल्या प्रयोगांतून जे निघाले ते इथल्या घरांना लागू पडते.

गोपुरी संडास म्हणून जो प्रकार प्रसिद्ध झाला त्याची कल्पना सोपी आहे. शेजारी शेजारी दोन कप्पे. एका वेळी एकच वापरायचा. शौचाला बसून झाले की त्यावर लगेच कोरडी माती, राख, वाळलेला पाला टाकायचा. कोकणात ज्याला पातेरा म्हणतात, तो झाडांखाली साचलेला कोरडा पाला त्यासाठी फुकट मिळतो. कप्पा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यात जे उरते त्याला मैला म्हणावेसे वाटत नाही. ते भुसभुशीत, काळपट, पावसाने भिजलेल्या रानासारख्या वासाचे खत असते. अप्पासाहेब आणि त्यांच्या सोबतची मंडळी त्याला सोनखत म्हणत, आणि शेतकऱ्याला हा शब्द ताबडतोब कळे. हा कप्पा उपसायला कोणा जातीच्या माणसाची गरज उरत नाही. घरधन्याने फावडे घ्यावे आणि माडाच्या आळ्यात खत टाकावे.

यात विज्ञान कुठे आहे? ते त्या दोन ओंजळी मातीत आहे.

विष्ठेला वास येतो तो तिच्यातल्या स्कॅटोल, इंडोल या पदार्थांचा आणि गंधकाच्या वायूंचा. आतड्यातले जंतू प्रथिने फोडतात तेव्हा ते तयार होतात. यातला हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, नाकाला अत्यंत थोड्या प्रमाणातही कळतो. लघवीची गोष्ट वेगळी. ताज्या लघवीला वास बेताचाच असतो. तिच्यातल्या युरियावर जंतू काम करू लागले की अमोनिया सुटतो, आणि काही तासांत नाकाला झोंबतो. म्हणजे वासाला तीन गोष्टी लागतात : ओल, वेळ आणि हवेचा अभाव. हवा नसलेल्या ओल्या जागी सडवणाऱ्या जंतूंचे राज्य चालते. कोरडी माती ओल शोषते. पाल्यामुळे ढीग पोकळ राहतो आणि हवा खेळते. मातीतले चिकणकण आणि कुजलेला पाला अमोनिया धरून ठेवतात. वर मातीचा थर असला की माशी अंडी घालायला विष्ठेपर्यंत पोचत नाही. शिवाय पाल्यात कर्ब जास्त आणि विष्ठा-मूत्रात नत्र जास्त, दोन्हींचा मेळ बसला की हवेवर जगणारे जंतू झपाट्याने काम करतात आणि वास न येता कुजते.

कोरड्या मातीचा हा गुण अप्पासाहेबांच्या आधीही माहीत होता. इंग्लंडमधल्या हेन्री मूल नावाच्या पाद्र्याने १८६० मध्ये माती टाकण्याच्या संडासाचे पेटंट घेतले होते, आणि ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या तुरुंगांत, छावण्यांत ही पद्धत वापरली जाई. पण तिथेही माती टाकणारे आणि टोपली उचलणारे हात ठरावीक जातीचेच होते. अप्पासाहेबांनी तीच माती घेतली आणि ती उचलण्याचे काम ज्याचे त्याच्याकडे दिले. त्यांच्या कामाचे मोठेपण शोधात आहे त्याहून जास्त या वाटणीत आहे.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. वास गेला म्हणजे जंतू गेले असे नाही. जंताची, विशेषतः गोल जंताची, अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात. आपल्यासारख्या उष्ण हवेत मैल्याचे खत किमान वर्षभर बंद कप्प्यात पडून राहिल्याशिवाय हात लावू नये, आणि त्यानंतरही ते फळझाडांना घालावे. कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खायच्या भाजीला घालू नये.

आता बाळाचा डायपर. अमेरिकेत १९६१ मध्ये पॅम्पर्स बाजारात आले. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत डायपर रुळले ते फार नंतर, आणि आज पोलादपूरच्या किराणा दुकानातही ते सुट्या पाकिटात टांगलेले दिसतात. त्यांची सोय नाकारण्यात अर्थ नाही. जुलैत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, दुपटी वाळत नाहीत, चुलीवर टोपली पालथी घालून लंगोट सुकवणारी आजी घरात असतेच असे नाही, आणि बाळाच्या आईला रात्री चार तास सलग झोप मिळणे ही औषधाइतकी मोलाची गोष्ट आहे. पण डायपर वापरून झाला की पुढे काय, याचे उत्तर पाकिटावर बारीक अक्षरात असते आणि घरात कोणाकडेच नसते.

डायपरच्या आत सोडियम पॉलिअक्रिलेटचे दाणे असतात. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट लघवी शोषून जेली होतात. बाहेरचे आवरण प्लास्टिकचे. म्हणजे यात अप्पासाहेबांच्या कप्प्याच्या नेमके उलटे घडते : ओल बाहेर जात नाही, हवा आत येत नाही आणि विष्ठा, लघवी, प्लास्टिक एकत्र राहतात. त्यावर आपण पिशवीची घट्ट गाठ मारतो. दुसऱ्या दिवशी ती पिशवी दबली किंवा फाटली की अख्खे घर वासाने भरते. दोष बाळाचा नसतो, बंद ओलीचा असतो.

म्हणून पहिले काम असे की विष्ठा डायपरमध्ये ठेवायचीच नाही. डायपर काढल्याबरोबर आतली शी संडासाच्या भांड्यात झटकावी, चिकटलेली असेल तर जुन्या कागदाने ढकलावी आणि पाणी ओतावे. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे आणि वासाचा मोठा भाग इथेच संपतो. डायपर मात्र भांड्यात टाकू नये. तो फुगतो, नळी बुजते, आणि मग ती मोकळी करायला ज्याला बोलावले जाते त्याला आपली घाण हाताने काढावी लागते. डायपर पुढून मागे आतल्या बाजूला घट्ट गुंडाळावा, त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करावा आणि वर्तमानपत्राच्या दोन पानांत बांधावा. कागद ओल टिपतो. प्लास्टिकची पिशवी लागलीच तर कागदाच्या वर असावी.

गुंडाळलेले डायपर ठेवायला झाकणाचा छोटा डबा वेगळा करावा. तो न्हाणीघराच्या दमट कोपऱ्यात ठेवू नये, मागच्या पडवीत, कुत्र्या-मांजराला पोचणार नाही आणि पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवावा. डब्याच्या तळाशी तीन-चार बोटे कोरडी माती, आणि प्रत्येक डायपरवर मूठभर. इथे अप्पासाहेबांची माती थेट उपयोगी पडते. माती चाळलेली आणि पूर्ण कोरडी हवी, ओली माती टाकणे म्हणजे न टाकणे. कोकणात ती जूनमध्ये कुठून आणायची? मे महिन्यात. वळवाची सर यायच्या आधी लाकडे, शेणी, गवत आत घेतले जाते, तेव्हाच एक गोणी मातीची आणि एक पातेऱ्याची पडवीत ठेवली तर चार महिने निघतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कोळशाची भुकटी किंवा खाण्याचा सोडा चालेल. राखेबद्दल मात्र एक बारकावा आहे. विष्ठेवर राख उत्तम, ती ओल शोषते आणि जंतूंना मानवत नाही. पण राख अल्कधर्मी असल्याने लघवीने भिजलेल्या डायपरवर टाकली तर उलट अमोनिया जास्त सुटतो. लघवीच्या डायपरला माती, शीच्या डब्याला राख.

फिनेल आणि सुगंधी फवाऱ्यांनी वास झाकला जातो, जात नाही. ब्लीचिंग पावडर डायपरवर मुळीच टाकू नये. लघवीतल्या अमोनियाशी तिचा संयोग झाला की डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबणारे वायू निघतात, आणि त्याच खोलीत तान्हे बाळ असते. डबा रिकामा झाल्यावर साबणाने धुऊन, हवे तर ब्लीचिंगच्या पाण्याने विसळून, उन्हात पालथा घालावा. पावसात ऊन नसेल तर कोरड्या फडक्याने पुसावा. डायपरचा डबा ओला राहिला तर बाकी सगळे फुकट जाते.

बाळाची शी कसली घाण, असे आपल्याकडे मायेने म्हटले जाते. माया बरोबर आहे, वाक्य चूक आहे. नुसत्या आईच्या दुधावर असलेल्या बाळाच्या शीला वास कमी असतो हे खरे, पण रोटाव्हायरसचा जुलाब झालेल्या बाळाच्या एका ग्रॅम शीत अब्जावधी विषाणू असू शकतात, आणि दुसऱ्या मुलाला आजारी पाडायला त्यातले अगदी थोडे पुरतात. अ प्रकारची कावीळ, पोलिओ, जंत यांचाही प्रवास याच वाटेने होतो. डायपर बदलून झाला की साबणाने हात धुवायचे, आणि बाळाचा पार्श्वभाग धुतलेले पाणी अंगणात न ओतता संडासात ओतायचे. सवयीने हे जमते.

डबा भरला की तो जातो कुठे? २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन कागदात किंवा उत्पादकाने दिलेल्या पिशवीत नीट गुंडाळून, ओल्या कचऱ्यात न मिसळता, सुक्याच्या बाजूला द्यायचे होते. पुण्यात कचरावेचकांच्या संस्थेने यावर एक साधी खूण रुजवली : गुंडाळीवर लाल ठिपका. कचरा निवडणाऱ्या बाईला ती न उघडता बाजूला ठेवता येते. महाड, पोलादपूरमध्ये हा ठिपका काढायला कोणाची परवानगी लागत नाही, मुलाचा रंगीत खडू पुरतो. अप्पासाहेबांच्या काळचे टोपलीचे संडास गेले. १९९३ मध्ये आणि नंतर २०१३ मध्ये कायदे होऊन माणसाने हाताने मैला उचलण्यावर बंदी आली. पण शीसकट फेकलेला उघडा डायपर कचऱ्याच्या गाडीवर कोणीतरी हातानेच निवडतो. कायद्याने बंद केलेले काम डायपरच्या पोटात लपून परत आले आहे, आणि ते करणारे हात बहुतेक वेळा त्याच घरांतले आहेत.

गाडी जिथे येत नाही त्या वाड्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. सध्या तिथले डायपर वहाळात जातात, नाहीतर घरामागे जाळले जातात. जाळू नये. ओला डायपर नीट पेटत नाही, धुमसतो, आणि प्लास्टिकचा धूर घरातल्या दमेकऱ्याला आणि बाळालाच लागतो. वहाळ पुढे सावित्री, काळ, गांधारीला मिळतो. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी शिरले, ते ओसरल्यावर घराघरांतून गाळाबरोबर काय काय निघाले ते ज्यांनी उपसले त्यांना वेगळे सांगायला नको. नदीत टाकलेली वस्तू गावाला परत येते. डायपर पुरावा का, तर तो कुजत नाही. पातेऱ्याच्या कप्प्यात विष्ठेचे सोनखत होईल, डायपरचे होणार नाही. दुसरा मार्गच नसेल तर शी काढून घेतलेले डायपर उंचावरच्या जागी, विहिरीपासून किमान ५० फूट दूर, पावसाळी पाणी चढणार नाही अशा खड्ड्यात टाकून वर माती लोटावी. हा तात्पुरता उपाय आहे, बरा उपाय नाही. त्यापेक्षा संख्या कमी करावी. रात्री आणि प्रवासात डायपर, दिवसा घरात सुती लंगोट असे केले तरी ढीग निम्म्याने उतरतो. लंगोटाची शी संडासात टाकून तो थंड पाण्यात खळबळावा, मग गरम पाणी आणि साबण. बादलीत दिवसभर भिजत ठेवला तर तीच बादली वासाची होते.

या भागात आणखी एक डायपर वाढतो आहे, त्याबद्दल मोकळेपणी बोलले जात नाही. मुलगे मुंबईला, सुना मुंबईला, आणि गावच्या घरात अंथरुणाला खिळलेले आई किंवा वडील. मोठ्यांचा डायपर जड असतो, वास कितीतरी जास्त असतो, आणि तो बदलायला पगारी बाई शोधली जाते. ती कोणत्या वाडीतून शोधली जाते हेही सगळ्यांना ठाऊक असते. पद्धत तीच : विष्ठा आधी संडासात, मग घडी, कागद, माती. हातमोजे घरच्यांनी आणून द्यावेत, बाईने मागायची वाट पाहू नये. आणि गणपतीत घरी आलेल्या मुलाने वडिलांचा डायपर निदान त्या पाच दिवसांत स्वतः बदलावा. रत्नागिरीच्या तुरुंगातला तो कैदी एवढीच गोष्ट मागत होता.

अप्पासाहेब पुढच्या काळात मैल्यावर चालणाऱ्या गॅसकडे वळले. दोन कप्प्यांच्या संडासात हवा हवी असते, इथे उलट हवा मुद्दाम बंद करायची, म्हणजे मिथेन तयार होतो आणि तो चुलीला जोडता येतो. वास नळीवाटे ज्योतीत जळून जातो. संडासाच्या गॅसवर स्वयंपाक, हे ऐकून त्या काळी लोकांच्या चेहऱ्यावर काय उमटले असेल याची कल्पना करता येते. ही कल्पना पुढे मलप्रभा या नावाने ओळखली गेली.

ती पुढे नेणारा माणूस डॉक्टर होता. डॉ. मापुसकर १९६० च्या सुमारास देहूच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. गावात संडास जवळजवळ नव्हते आणि केंद्रात येणाऱ्यांच्या पोटात जंतच जंत होते. औषध दिले की जंत पडत, काही महिन्यांत पुन्हा होत. गोळ्या देत राहण्यापेक्षा संडास बांधावेत असे ठरवून त्यांनी काही बांधूनही घेतले, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते ढासळले. तेव्हा ते अप्पासाहेबांकडे गेले. वैद्यकाच्या महाविद्यालयात न शिकवलेली गोष्ट त्यांनी या म्हाताऱ्या कार्यकर्त्याकडून शिकून घेतली : खड्डा कसा, माती कशी, पाणी कुठे अडवायचे, गॅस कसा धरायचा. परत येऊन पुन्हा बांधायला सुरुवात केली, आणि पुढची चार दशके ते देहूतच बांधत राहिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

अप्पासाहेब १९७१ च्या मार्चमध्ये गेले. गोपुरी आश्रम कणकवलीत आजही आहे.